सुन्चॉनची खाडी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथला भूगोल नीट कळव म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते.

कोरियाच्या नकाशात पार खाली दक्षिण जोल्ला प्रांत आहे, सुन्चॉन तिथलं. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. पूर्वेला ग्वांगयांगचा पोलाद कारखाना, दक्षिणेला योसूची पेट्रोकेमिकल वसाहत. तिकडे कामाला जाणारे पुष्कळजण राहतात इथे. रेल्वेचं जंक्शनही हेच. सोलहून केटीएक्सने, म्हणजे वेगवान रेल्वेने, अडीच-तीन तास.

पण शहराची खरी ठेव म्हणजे खाडीतला चिखल. कोरियात कितीतरी खाड्या भराव टाकून बुजवल्या, ही राखली. 2006 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आणि 2021 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. हिवाळ्यात इथे पांढऱ्या मानेचे, राखाडी अंगाचे क्रौंच उतरतात. ते विजेच्या तारांवर आपटायचे, म्हणून 2009 साली पालिकेने भातशेतांतले 282 खांबच काढून टाकले. शहर खाडीकडे सरकू नये म्हणून मध्ये भलंमोठं उद्यान केलं. तिथे 2013 साली आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरलं, आणि 2015 साली हे उद्यान देशाची पहिली ‘राष्ट्रीय बाग’ ठरलं. जागा रिकामी ठेवली असती तर बिल्डरांनी गिळली असती. बागेमुळे ती वाचली आणि गावाला पर्यटनाचा पैसाही मिळाला. आपल्या ठाण्याच्या खाडीलाही 2022 पासून रामसरचा दर्जा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

चिखलात पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. म्हणून शिंपले काढणाऱ्या बायका लांब फळी घेतात: एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा, की फळी सरसर घसरते. आपल्या निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते मासे, इथेही आहेत. त्या उकडून, वाटून, सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्यात आणि मुळ्याच्या वाळक्या पाल्यात रटरटवतात.

जवळच नागान हे तटबंदीतलं गाव. भाताच्या पेंढ्याने शाकारलेल्या घरांत लोक अजून राहतात. सोनआम मठातला कमानीचा दगडी पूलही बघण्यासारखा.

तुम्ही येणार असाल तर नोव्हेंबर धरा. बोरूला तुरे असतात, क्रौंचही आलेले असतात. योंगसान टेकडीवरून खाडीतला नागमोडी ओहोळ दिसतो, पण ओहोटी हवी. भरतीत तो पाण्याखाली जातो आणि नुसतं सपाट पाणी दिसतं. म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, ओहोटी आणि सूर्यास्त जुळतील असा दिवस निवडू. प्रवेशद्वारापासून वर पोचायला पाऊण तास लागतो. आईचे गुडघे दुखत असतील तर तिने खालच्या बोरूतल्या लाकडी वाटेवरच फिरावं, ती सपाट आहे.

तुमची लेक