बी विंगच्या काकांना, कपाटाबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

समोर येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा टाकू का" विचारता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून टाकतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परळची आमची चाळ पडली आणि टॉवर झाला, तेव्हा चाळीतल्या वाचनालयाचं लोखंडी कपाट कुणालाच नको होतं, नवीन फ्लॅटमध्ये ते कोण ठेवणार. काकांनी ते सोसायटी ऑफिसात आणून ठेवलं, मंडळाच्या झांजा आणि डेकोरेशनच्या लायटिंगच्या मध्ये. काकांची नोकरी हाफकिन इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये झाली, रिटायर झाल्यावर स्वतःच्या पेन्शनमधून कपाट भरत गेले, पण कथा-कादंबऱ्यांनी नाही, तर खरी माणसं, खरं विज्ञान, खरा समाज असल्या पुस्तकांनी. आणि गिऱ्हाईक कोण, तर आठवी ते दहावीची पोरं. ज्यांना बालविभागातलं पुस्तक हातात धरायची लाज वाटते आणि मोठ्यांचं पुस्तक कुणी हातात देत नाही.

माझं मत सांगते, कुणाला झोंबलं तर झोंबो. या वयाच्या मुलांना आपण वाचायला काय देतो, तर थोरांची चरित्रं, ज्यात थोर माणूस पाळण्यातूनच थोर असतो आणि आयुष्यात कुणाशी भांडत नाही, नाहीतर स्पर्धा परीक्षेचं जीके. पोरं बावळट नसतात हो, त्यांना चौथ्या पानावर कळतं की आपल्याला गोळी दिली जातेय.

काकांनी काय केलं तर पुस्तक परत आणताना "काय शिकलीस?" हे कधीच विचारलं नाही. विचारायचे, "कुठे पटलं नाही?" आणि ते लिहून द्यायचं, मेंटेनन्सच्या जुन्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. शिवाय पुस्तक अर्ध्यात सोडलं तरी चालेल, फक्त का सोडलं ते चिठ्ठीवर हवं.

आमच्या लेकीची पहिली चिठ्ठी हाफकिनवरचीच होती. शाळेत जाताना रोज त्या इन्स्टिट्यूटच्या गेटवरून जाते, पण हाफकिन हा माणूस होता हेच तिला माहीत नव्हतं. 1896 च्या सप्टेंबरमध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, मग ओडेसात जन्मलेला हा वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एवढ्याशा जागेत लस बनवली, 10 जानेवारी 1897 ला पहिली स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांवर चाचणी केली. हे सगळं तिने एका दमात वाचलं आणि चिठ्ठीत लिहिलं, "कैदी स्वतःहून पुढे आले असं म्हटलंय. जेलमधला माणूस नाही कसं म्हणणार?"

मी म्हटलं झालं, ज्याच्या नावाच्या संस्थेत काकांनी जन्म काढला त्याच्यावरच पोरीने बोट ठेवलं. काकांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि सेलोटेपने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वर दुसरं पुस्तक दिलं, मुल्कोवालचं वाच म्हणाले. 1902 मध्ये पंजाबातल्या त्या गावात लस टोचल्यावर 19 जण धनुर्वाताने गेले, सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती, ठपका हाफकिनवर आला, निलंबित झाला, आणि बाटली उघडताना तिथे गावातच घाण गेली असणार हे मान्य होऊन नाव साफ व्हायला 1907 उजाडलं. त्या रात्री जेवताना ही बाई हाफकिनची वकील! आदल्या आठवड्यात सरकारी वकील होती.

मग त्या रविवारी तुम्ही पोरांना दादरला हिंदू कॉलनीत फिरवून आणलंत ते तर मला फारच आवडलं. हे रुंद रस्ते, ही झाडं प्लेगमुळे आली, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, दाट वस्त्या पाडल्या, हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले, हे सगळं तुम्ही चालता चालता सांगितलंत. तर ए विंगमधला तो एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "ज्यांची घरं पाडली ते इथे राहायला आले का?" नाही आले. रिडेव्हलपमेंट बघितलेली, ट्रान्झिट कॅम्पात काही वर्षं काढलेली पोरं आहेत ती, हा प्रश्न त्यांनाच पडणार.

शास्त्रज्ञ कमला सोहोनींवरून तर आमच्या घरात दोन दिवस युद्ध. 1933 साली बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला, मग अटी घालून घेतलं, पहिलं वर्ष फक्त बघू म्हणून, आणि पुढे या बाई केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या. आमचे हे म्हणाले नोबेलवाल्या माणसाबद्दल पोरांना असं कशाला सांगायचं. लेकीने काकांचंच वाक्य फेकलं, "नोबेल पण खरं आणि हे पण खरं." गप्प बसले, काय करतात.

आणि अजून एक. इंग्लिश मीडियमची पोरं मराठी वाचत नाहीत ही कंटाळवाणी रड मी बरीच वर्षं ऐकतेय. तुम्ही त्यावर लेक्चर नाही दिलंत, एक एक परिच्छेद आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावलात आणि कुणी अडखळलं तर हसणाऱ्याला पुढचं पान. आता आमच्याकडे "संसर्ग", "विलगीकरण" वगैरे भाजी आणायला जाताना ऐकू येतं.

बाकी मुद्द्याचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की डॉक्टर वाचायला बंदी घालणार आणि तुम्ही चोरून वाचणार हे काकूंनी मला आधीच सांगून ठेवलंय. म्हणून कपाटाची किल्ली उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या. रविवारी मी बसेन, चिठ्ठ्या जमा करून ठेवेन, तुमचे डोळे बरे झाले की गठ्ठा देईन. आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये कपाट बाहेर काढून तिथे नवीन कॅरम ठेवायचा विषय पुन्हा निघाला तर तुम्ही बोलू नका, आमची नववीतली गँग बोलणार आहे, तीन पानांचा अर्ज तयार आहे त्यांचा.