पाडव्याला टोकन देण्याआधी

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

तुझा निरोप मिळाला. धायरीतला टू बीएचके, सत्तर लाख, पाडव्याला टोकन दिलं तर स्टँप ड्यूटी बिल्डरकडून आणि वर एक सोन्याचं नाणं. वहिनींना बाल्कनी आवडलीय आणि सेल्सवाला रोज दोनदा फोन करतोय, हेही कळलं. घर घे, नक्की घे. पण चेक फाडण्याआधी हे एकदा निवांत वाच. घरखरेदीत पैसे वाचतात ते सह्या व्हायच्या आधी. करारनामा रजिस्टर झाल्यावर घासाघीस करायला गेलास तर हाच सेल्सवाला फोन उचलणार नाही.

आधी सत्तर लाख म्हणजे नक्की काय ते विचार. लेखी कॉस्ट शीट माग आणि त्यात 'अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू' (करारात लिहायची किंमत) किती आणि 'बॉक्स प्राइस' (सगळे खर्च धरून) किती ते वेगवेगळं लिहून घे. सत्तर ही अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू असेल तर हिशेब असा होतो: पुण्यात सगळे अधिभार धरून मुद्रांक शुल्क (स्टँप ड्यूटी) ७ टक्के, म्हणजे ४,९०,०००. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ३,५०,०००. कर्जाच्या गहाणाच्या नोंदीसाठी कर्जाच्या ०.३ टक्के, ५६ लाखांवर १६,८००. झाले ८,८६,८००. एवढ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, आणि त्या किमतीत स्टँप ड्यूटी धरत नाही. म्हणजे १४ लाख अधिक हे पावणेनऊ-नऊ, तेवीस लाखांच्या जवळपास रोख तुझ्याकडून हवेत. शिवाय बिल्डर आगाऊ घेतो तो दोन वर्षांचा मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, कपाटं. हा आकडा आत्ता कागदावर नसेल तर सहा महिन्यांनी तू पर्सनल लोनच्या दारात उभा असशील. तसली कर्जं घरकर्जापेक्षा बरीच महाग.

आता ती पाडव्याची ऑफर. 'स्टँप ड्यूटी आमची' म्हणतात तेव्हा ते ४.९० लाख बहुतेकदा आधीच दरात घातलेले असतात, आणि त्या वाढीव दरावर तू जीएसटीही भरतोस. त्यांना सरळ सांग: ऑफर ठेवा तुमच्याकडे, अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू ४.९० लाखांनी कमी करा, ड्यूटी मी भरतो. किंमत ६५.१० लाख झाली की ड्यूटी ४,५५,७०० आणि जीएसटी ३,२५,५००. एकूण ७२,९१,२००. ऑफरमध्ये ७० लाख अधिक साडेतीन लाख जीएसटी, म्हणजे ७३.५० लाख. फरक ५८,८०० रुपयांचा, नाणं धरूनही हिशेब करून बघ. थोडक्यात, अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यूत कमी केलेला प्रत्येक लाख तुझे १ लाख १२ हजार वाचवतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेव. कर्जही त्या प्रमाणात कमी मिळतं, रोख जास्त लागते. आणि ड्यूटी करारातली किंमत की रेडी रेकनरची (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली) किंमत, जी जास्त असेल तिच्यावर लागते. रेकनरच्या खाली उतरून ड्यूटी वाचत नाही. रेकनरचे दर १ एप्रिलला बदलू शकतात, म्हणून किंमत रेकनरच्या आसपास असेल तर ३१ मार्चपूर्वी ड्यूटी भरून सह्या करून घ्याव्यात. दस्त नोंदवायला सहीपासून चार महिने मिळतात.

तुझ्या धाकट्या भावासाठीही बघतोयस ना? त्याचं बजेट ४५ लाखांच्या काठावर आहे. पुण्यात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) असलेल्या घराला जीएसटी १ टक्काच. पण त्या ४५ मध्ये पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर), डेव्हलपमेंट चार्जेस असे बहुतेक आकार धरतात. ४५ लाखांना ४५,००० कर आणि ४६ लाखांना २,३०,०००! एका लाखासाठी पावणेदोन लाखांवर कर. त्याला काठ ओलांडू देऊ नकोस.

घर वहिनींच्या नावावर घ्यायचं का, हे तू सहज विचारलंस, पण प्रश्न मोठा आहे. खरेदीदार फक्त महिला असेल तर ड्यूटीत १ टक्का सवलत, ७० लाखांवर ७०,०००. तुझं नाव जोडलंस की सवलत गेली. बँकेला मात्र हप्ते भरायला तुझं उत्पन्न हवं, तेव्हा तू सहकर्जदार राहशील, मालक नाही. आणि जो मालक नाही त्याला कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट मिळत नाही. तू नव्या कररचनेत असशील तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट तुला तशीही नाही, मग ७० हजार वाचव. जुन्या रचनेत वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट जाते, ती दोन-तीन वर्षांत ७० हजारांच्या पुढे निघून जाईल. यंदाच्या रिटर्नमध्ये कोणती रचना निवडलीस ते आधी काढ, मग नाव ठरव.

कागद बघताना ब्रोशर बाजूला ठेव. महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाक. जाहिरातीवर क्यूआर कोडही असतोच. मंजूर नकाशा, कमेन्समेंट सर्टिफिकेट (सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी), जमिनीवरचा बोजा, चालू खटले, पूर्णत्वाची मूळ आणि सुधारित तारीख सगळं तिथे मिळतं. तारखेवर जास्त वेळ घालव. तोंडी 'पुढच्या दिवाळीत चावी' आणि रेरावर त्यानंतर दोन वर्षांनी, हे इतकं सर्रास आहे की त्याला खोटं म्हणायचंही कोणी मनावर घेत नाही. उशीर झाला तर व्याज करारातल्या तारखेपासून मागता येतं (स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर, म्हणजे बँकेचा पायाभूत कर्जदर, अधिक २ टक्के), ब्रोशरमधल्या तारखेपासून नाही. आणि सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे ते बघ. सीसी सातव्यापर्यंत आणि तुझा फ्लॅट बाराव्यावर, असं असेल तर थांब. सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी), टायटल सर्च (मालकीहक्काची तपासणी) यांसाठी स्वतःचा वकील लाव. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो.

क्षेत्रफळ फक्त रेरा कार्पेटमध्ये बोल. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. सेल्सवाल्याचा 'युजेबल' आकडा बाल्कनी मिसळून येतो, म्हणून दर स्वस्त भासतो. पार्किंगचा क्रमांक करारात हवा. उघडी पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही, तिचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हण. नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणं रेरात बसत नाही, म्हणजे टोकन मिळून सात लाखांच्या पुढे जायचं नाही. टोकन परत मिळण्याची अट पावतीवरच लिहून घे.

५० लाख किंवा त्याहून जास्तीच्या व्यवहारात खरेदीदारानं १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापलेला आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो. तुझ्या घरावर ७०,०००. प्रत्येक हप्त्यातून कापायचा, आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा. लोक बिल्डरला पूर्ण हप्ता देऊन मोकळे होतात, मग व्याज आणि दिवसाला २०० रुपयांची लेट फी मागे लागते.

कर्जाचं थोडक्यात. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के म्हणजे हप्ता ४३,३९१. तेच आठ टक्क्यांनी ४१,८२२. अर्ध्या टक्क्यात वीस वर्षांचे पावणेचार लाख. म्हणून दोन-तीन बँकांची मंजुरीपत्रं हातात घेऊनच बोल, प्रोसेसिंग फी तर बहुधा पहिल्याच फोनला कमी होते. रेपोशी (रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराशी) जोडलेला फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर घे. तो मुदतीआधी फेडायला दंड नाही. दर वर्षी एक हप्ता जादा भरलास तर साडेआठ टक्क्यांचं कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी संपतं, व्याज दहा लाखांच्या आसपास वाचतं. जादा रक्कम भरताना 'मुदत कमी करा' असं लेखी सांग, नाहीतर हप्ताच कमी होतो आणि मुदत तशीच राहते. मंजुरीच्या कागदांत एक विम्याचा फॉर्म असेल, एकरकमी प्रीमियम कर्जात मिळवून टाकलेला. सक्तीचा नाही, म्हणजे प्रीमियमवरही वीस वर्षं व्याज द्यायची गरज नाही. वेगळा टर्म विमा काढ. आणि बांधकामाच्या स्लॅबप्रमाणे बिल्डरला टप्प्याटप्प्यानं पैसे सुटतील तेव्हा फक्त व्याज भरायचं की पूर्ण हप्ता, हे बँक विचारेल. नुसत्या व्याजानं मुद्दल एक रुपयानंही उतरत नाही.

एखादा रीसेल फ्लॅटही बघून ठेव. जीएसटी नाही, तिथेच साडेतीन लाख वाचतात. मात्र मूळ करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हवंच. महापालिका हद्दीत सोसायटीचा हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर नाही, 'सुधारणा निधी' म्हणून जादा मागितले तर सरकारी परिपत्रकाचा आधार विचार. मालक काही रक्कम रोखीत मागेल. दिलीस तर तेवढ्यावर कर्ज मिळणार नाही, आणि कागदावरची खरेदी किंमत कमी दिसल्यानं पुढे विकताना नफा फुगून कर तुझ्याच माथी.

ताबा घेताना दिवसा उजेडी जा, एकटा जाऊ नकोस. सोबत टेप, पाच रुपयांचं नाणं, एक बादली, मोबाइल चार्जर आणि जुनं फडकं. नाण्यानं प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांत ठोक. भरीव आवाज ठीक, पोकळ 'ठण' आला तर खाली सिमेंटचा माल नाही. पुढे जड कपाट ठेवलं की ती फुटणार. बाथरूमच्या ट्रॅपला (पाणी जायच्या तोंडाला) फडकं कोंबून दोन इंच पाणी साठव आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छताचा तो भाग हाताने चाचपून बघ. ओल दिसायच्या आधी हाताला लागते. मग फडकं काढ. पाणी कोपऱ्यात थबकलं तर उतार चुकलाय, आणि तो ताब्यानंतर दुरुस्त करायचा म्हणजे सगळी फरशी उखडायची. चार्जर प्रत्येक सॉकेटला लाव, आरसीसीबीचं (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघ, खट्कन पडलं पाहिजे. यादी करून दोघांच्या सह्या घे आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नकोस. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरची असते, पण ती लेखी कळवावी लागते.

राहायला गेलास की महावितरणच्या मीटरवर आणि मिळकतकरात नाव लावून घे. पुणे महापालिकेत स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत आहे, पण पीटी-३ फॉर्म भरला तरच. भरला नाही तर पूर्ण बिल येत राहतं, आणि लोकांना वाटतं पुण्यात कर जास्तच आहे.

कॉस्ट शीट आली की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, आकडे मी तपासतो. मात्र एक काम तुलाच करावं लागेल: शेजारच्या सोसायटीत जाऊन वॉचमनला विचार, मे महिन्यात रोज किती टँकर येतात आणि ते पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे.

तुझा,
अरुण