धुळ्याच्या फाउंड्रीबद्दल

ती. आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा धुळ्याची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) विकत घेऊ म्हटल्यावर तुम्ही "नको म्हणजे नको" म्हणून फोन ठेवलात, म्हणून लिहायला बसले. निदान कागदावर तरी मला मधेच तोडता येणार नाही.

अवधान एमआयडीसीतली ती बंद फाउंड्री मी आणि दादा पाहून आलो. शेड गळतंय, क्युपोला, म्हणजे बीड वितळवायची जुनी उभी भट्टी, भंगारातच जाईल. पण मागच्या खोलीत भिंतभर पॅटर्न आहेत, वाळूत साचा उठवायचे ते ठोकळे. बरेचसे सागवानी, काही ॲल्युमिनियमचे, प्रत्येकावर लाल रंगाने गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर. पंपाच्या केसिंगचा एक उचलून पाहिला, कड अजून शाबूत आहे. तुम्ही भाव काढताना जागा धरलीत, भट्टी धरलीत, हे पॅटर्न आणि त्यामागचं गिऱ्हाईक धरलंच नाहीत. पंपवाल्यांकडे आपण नवे म्हणून गेलो तर नमुने द्या, तपासणी, परत नमुने, यातच वर्ष जातं. तिथे मंजूर झालेला पार्ट तयार मिळतोय, आणि तो ओतणारे मोल्डरही धुळ्यातच आहेत.

म्हणूनच सगळं उचलून आपल्याकडे जळगावला आणायची दादाची टूम मला पटत नाही. ओतायची जागा बदलली की गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यापासून नमुने मागतं. चालवायची तर तिथेच.

आणि काम वाढवायला तर हवंच, आप्पा. डाळ मिलच्या पुल्यांवर तुम्ही दोघांनी घर उभं केलं, पण विजेवरच्या इंडक्शन भट्टीचं गणित वेगळं. एक टन बीड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात, आणि साचे भरून तयार नसले की नुसती भट्टी तापती ठेवण्यात वीज जळते ती वेगळीच.

अमेरिकेत मिशिगनमध्ये ईस्ट जॉर्डन नावाच्या छोट्या गावात १८८३ साली एक फाउंड्री निघाली. सुरुवातीला लाकूडतोडवाल्यांना, जहाजांना, शेतीला लागणारे बिडाचे भाग ओतायची. पुढे मॅनहोलची झाकणं आणि आगीच्या बंबांना पाणी देणारे हायड्रंट. आजही ती घरचीच कंपनी आहे. तिने आयर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात तिथल्याच कंपन्या घेतल्या. झाकण इथून बोटीने पाठवता येत नाही असं नाही, हावड्याची झाकणं न्यूयॉर्कच्या रस्त्यात बसलेली आहेतच. पण युरोपात वाहत्या रस्त्यावरचं झाकण डी ४०० वर्गाचं लागतं, म्हणजे चाचणीत सुमारे ४० टनांचा दाब सोसणारं. शिवाय एकेका नगरपालिकेची मापं निराळी, खिळीची पद्धत निराळी. तिथली जुनी कंपनी घेतली की ती ओळख आणि मंजुरी सोबत येते. धुळ्याच्या त्या खोलीत मला हेच दिसलं, फक्त आपल्या ऐपतीएवढं.

आता तुम्ही जैन इरिगेशनवाल्या जैनांचं नाव काढणार, ठाऊक आहे. जळगावात बाहेरच्या खरेदीचा विषय निघाला की दुसरं उदाहरणच येत नाही. त्यांनी २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या ठिबक कंपनीचा अर्धा वाटा घेतला, २०१२ मध्ये उरलेला. ठिबकचं नाव जगभर नेलं. मग कर्ज अंगावर आलं आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून ते हलकं करावं लागलं. तुमची भीती खोटी नाही. फक्त ती दादाला जर्मनीत जे गोदाम काढायचंय त्याला लावा, धुळ्याला नको. गोदाम म्हणजे भाडं, पडून राहणारा माल आणि युरोचे चढउतार, तेही हातात एक पक्की ऑर्डर नसताना. त्याला मी सरळ सांगितलंय, आधी दोन वर्षं तिथल्या एखाद्या व्यापाऱ्यामार्फत माल पाठव, रिजेक्शन किती येतं ते बघ, मग बोलू. रागावलाय, जेवताना बोलत नाही.

आई, तू "आते कशाले?" म्हणालीस. तुला हिशेबाच्या वह्या परत हातात घ्यायला लावणार नाही, ते मी बघते. कर्जाला घर तारण द्यायचं नाही हेही मी बँकेत बोलून ठेवलंय, धुळ्याची जागा आणि मशिनरीच तारण राहील. तेवढ्यावर जेवढे मिळतील तेवढेच घ्यायचे. मालक त्यात तयार नसला तर सौदा सोडायचा.

गुरुवारी जागेच्या मालकीचा सर्च रिपोर्ट घेऊन वकील येणार आहेत. भागीदार म्हणून तुम्हा दोघांच्याही सह्या लागतील, तेव्हा बुधवारच्या संध्याकाळच्या एसटीने या. आप्पा, सही करण्याआधी एकदा धुळ्याला चला, तिथली साच्याची वाळू मुठीत दाबून तुम्हीच सांगा कामाची आहे का, मला ते कळत नाही. आणि येताना बामणोदची भरीताची वांगी आणा, दादाचा राग तेवढ्याने तरी उतरेल.

तुमची,
ताई