सीएसएमटीच्या दरजांत सिमेंट नको

महोदय,

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासाची चर्चा होते ती फलाट, छत आणि प्रवाशांच्या सोयींची. जुन्या इमारतीच्या दगडांमधल्या सांध्यांत, म्हणजे दरजांत, गवंडी काय भरणार, याची चर्चा मात्र ऐकू येत नाही.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये मिळाले. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मधला अष्टकोनी घुमट तर एकमेकांत अडकवलेल्या दगडी फासळ्यांचा, खालून लाकडी आधार न देता उभारलेला. एवढे सगळे काम चुन्यात झाले आहे, आणि दुरुस्तीची पद्धत त्यावरूनच ठरायला हवी.

चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल तिच्यातून बाहेर पडते. वरून सिमेंट थापले की ती वाट बंद होते, ओल दगडातून बाहेर येऊ लागते, क्षार आत साचतात आणि पापुद्रे सुटतात. पानाफुलांचे, प्राण्यांचे बारीक काठ सर्वांत आधी जातात. गेलेली दरज पुन्हा भरता येते, झडलेले कोरीवकाम परत येत नाही.

जुना माल हातछिन्नीनेच काढावा. ग्राइंडरने दगडाची कड तुटते. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करून धुवावी, ओली ठेवावी. मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली, क्षार नसलेली वाळू तीन भाग, असा माल पातळ थरांत भरून ओल्या गोणपाटाने झाकावा. चुना सावकाश घट्ट होतो, म्हणून काम दिवाळीनंतर काढावे. मे अखेरीस भरलेली दरज पहिल्याच सरीत धुऊन जाते. सफाईसाठी आम्ल अजिबात नको, चुनखडीचा दगड त्यात विरघळतो. पिंपळाचे रोप उपटले तर दगड सुटतो. ते कापून त्याचे मूळ आहे तिथेच मारावे लागते. दगडातल्या लोखंडी खुंट्या गंजून फुगतात व दगड फोडतात. तिथे स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात.

२००४ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे. रेल्वेने दुरुस्तीच्या मालाचे प्रमाण जाहीर करावे, मागच्या एखाद्या भिंतीवर नमुना करून तो एक पूर्ण पावसाळा तपासावा आणि मगच दर्शनी भागाला हात लावावा.

– वारसा वास्तूंच्या दुरुस्तीत काम करणारे काही अभियंते, मुंबई