मंत्रीसाहेब, मोठ्या गेटची चावी कुणाकडे आहे?

मा. क्रीडामंत्री,
नमस्कार साहेब.

कोरोनात मैदानं बंद झाली, मग उघडली, रंगरंगोटी झाली, फोटो आले, छान वाटलं. पण आधी येणाऱ्यांतले कितीतरी जण परत फिरकलेच नाहीत आणि त्यांची कुणी विचारपूसही केली नाही, म्हणून हे लिहितोय.

माझा एक मित्र व्हीलचेअरवर असतो. लॉकडाऊनच्या आधी आम्ही दोघं रोज सकाळी ट्रॅकवर जायचो. आता बाईकवाले घुसू नयेत म्हणून छोट्या गेटला पाइपांचा नागमोडी अडथळा केलाय, त्यातून माणूस अंग चोरून निघतो, खुर्ची अडकते. शेजारी मोठं गेट आहे, त्याला कुलूप, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन उगवतो आठला. रॅम्प बांधलाय हां, एकदम मस्त, त्या कुलपाच्या आत.

वर ते स्लॉट बुकिंग. गर्दी टाळायला ॲप आणलं, तेव्हा बरोबरच होतं. साथ गेली, ॲप राहिलं. ओटीपीच्या भानगडीत न पडणारे आजी-आजोबा बाहेर कट्ट्यावर बसतात आणि घरी जातात.

2020 च्या नोव्हेंबरात, ऐन साथीत, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि त्यात अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदाच वेगळ्या शिफारशी होत्या. त्यांचाच 2022 चा आकडा, जगात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका 34 टक्के, पुरुष 29. आता बायका काय जास्त आळशी असतात का साहेब? संध्याकाळी अर्ध्या मैदानात अंधार, लेडीज टॉयलेट बंद, कोण थांबणार?

आणि लाँग कोविडवाले, म्हणजे कोरोना होऊन गेला तरी ज्यांचा त्रास महिनोन्‌महिने जात नाही ते. त्यातले काही जण आज जोर लावला की उद्या अंथरूण धरतात, त्यांना ‘अजून एक राउंड’ म्हणून ओरडणाऱ्या कोचला हे आधी कुणीतरी शिकवा.

नवीन स्टेडियम नकोय. तुमच्याकडे कोण येतं त्याची नोंद असते, एकदा कोण यायचं थांबलं ते घरोघरी जाऊन विचारा, आणि गेट, लाइट, बुकिंगचं ठरवताना त्या लोकांना मीटिंगला बसवा. फंड, टेंडर वगैरेला वेळ लागणार, माहितीये. तोवर निदान पहाटे साडेपाचला ती चावी कुणाकडे तरी असू द्या, आम्ही दोघं येतो.

आपला,
रोज चालायला जाणारा एक जण