अण्णांचा शर्ट

प्रिय वैशू,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिलेली नाही, याची मनाला टोचणी आहेच. पण आज लिहितेय ते काकूंसमोर जायच्या आधी तुझ्याशी बोलायला हवं म्हणून. फोनवर हे सांगता येणार नाही, मागे बाळ रडत असतं आणि तुझं अर्धं लक्ष दुधाच्या पातेल्यात. आईचे गुडघे तसेच आहेत, बाबांची शुगर आटोक्यात. झालं.

तुझ्या अण्णांच्या शर्टाची कॉलर उसवली, वैशू. निळ्या रेघांचा, टेरिकॉटचा, काकूंनी ट्रंकेतून काढून दिलेला. "घाल त्या पोराला, पण परत आण," एवढंच म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं होतं.

सगळं पहिल्यापासून सांगते. आमची फिल्म गिरणी संपावरची आहे हे तुला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ते त्या वर्षीची दिवाळी, एक खोली, एक बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर लागणारा, आणि त्याची बायको. कपडेपट आणि प्रॉपर्टी माझ्याकडे. हातात पैसे इतके कमी की, चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका रेडिओचं भाडं आणि अनामत ऐकून मी सरळ खाली उतरले आणि भेंडीबाजारातून बस पकडली. भाड्याने आणायच्या वस्तूंची यादी त्याच बसमध्ये बसून फाडली.

मग भंगारवाले धरले. बीडीडी चाळी पाडायला लागल्यापासून त्या भागात जुनी लाकडी दारं, कड्या, वायरीखालच्या लाकडी पट्ट्या, काळी गोल बटणं असं काय काय निघतंय. बटणं मला जवळजवळ फुकट मिळाली. ती भिंतीवर लावली आणि खोली एकदम चाळीस वर्षं मागे गेली, भिंतीला रंगसुद्धा द्यावा लागला नाही. एका रविवारी पहाटेच्या गाडीने पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथे वातीचा स्टोव्ह मिळाला, जर्मनचे दोन टोप मिळाले, आणि अशोकस्तंभाच्या नोटा विकणारा एक म्हातारा भेटला. गांधी मालिकेच्या नोटा १९९६ पासूनच्या, म्हणजे वाण्याच्या गल्ल्यात त्या दिसून चालणार नव्हतं. पितळ मात्र किलोवर विकतात, ते परवडेना.

पितळेचा प्रश्न गोष्टीनेच सोडवला. संप लांबला तशी लोकांनी भांडी विकली ना? म्हणजे आमची मांडणी फक्त सुरुवातीच्या दोन प्रसंगांत भरलेली हवी, पुढे ती रिकामीच होत जाते. चाळीत दारोदार फिरून दोन दिवसांसाठी हंडे-कळशा-डबे मागून आणले. प्रत्येकावर नाव घातलेलं. रात्री त्या नावांवरून यादी केली आणि जे ज्याचं ते त्याला नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी शूटिंगला त्या रिकाम्या फळ्या बघून आमच्या नायिकेला खरंच रडू आलं.

आणि हो, तुला आवडेल असं एक. १९८२ आणि २०१० या दोन वर्षांचे वार-तारखा सारख्याच येतात. १८ जानेवारी दोन्हीकडे सोमवार! शेजारच्या आजींकडे माळ्यावर २०१०चं कॅलेंडर होतं, वरचा साल लिहिलेला भाग कापला आणि लावलं. तिथी जुळत नाहीत, म्हणून कॅमेरा लांब ठेवला. नाहीतर तुझ्यासारखी कुणीतरी थिएटरात उठून चतुर्थी कधी होती ते सांगायची. बेचाळीसच्या चळवळीवरच्या आपल्या एकांकिकेत विहिरीवर प्लास्टिकची बादली तू ठेवलीस आणि नेपथ्याचं बक्षीस गेलं, हे मी अजून विसरलेले नाही. तू म्हणशील बादली मीच आणली होती. आणली मी, ठेवलीस तू. हे भांडण पुढच्या भेटीत.

त्या बादलीपासून मी एक धडा घेतला आणि इथे सगळ्यांच्या डोक्यात तो घालायला मला महिना लागला. वस्तू जुनी दिसायला नको, तेव्हाची दिसायला हवी. आमची मुलं उठसूट सगळं चहाच्या पाण्यात बुडवायची. अरे, १९८२ सालच्या सकाळी आलेलं वर्तमानपत्र पांढरंच असणार! पिवळं ते आपल्यापर्यंत येईतो झालं. शर्टाचंही तेच. जानेवारीत तो कडक इस्त्रीचा हवा, दिवाळीपर्यंत विटलेला.

म्हणून शर्ट दोन हवे होते. अण्णांचा जानेवारीसाठी. दिवाळीसाठी मंगलदास मार्केटमध्ये जवळपास तशाच रेघेचा कटपीस शोधला आणि आपल्या लालबागच्या शिंप्याकडून तशीच रुंद, टोकदार कॉलर शिवून घेतली. तो नवा शर्ट झिजवायचा होता: सोड्यात उकळायचा, कॉलर पॉलिश पेपरने घासायची, कोपरावर तारेचा ब्रश. दोन्ही एकाच दांडीवर, शेजारी शेजारी. परवा मी चहाला खाली उतरले आणि युनिटमधल्या एका मुलाने घाईत चुकीचा हँगर उचलला. मी वर आले तेव्हा तो कॉलर घासत होता. त्याला मी काही बोलले नाही. अण्णांचा शर्ट माझ्या कुलपात असायला हवा होता.

घासताना शिवण सुटली, कॉलर जिथे गळ्याच्या पट्टीला जोडतात तिथली. खालच्या अंगाने एक निळी पट्टी लावलेली होती ना, मला वाटायचं शिंप्यानेच लावली असेल. ती निघाली. आणि खाली, वैशू, कॉलरची खरी वरची बाजू होती. झिजून तिचे दोरे सुटलेले, घडीवर बोटभर फाटलेली, मानेच्या घामाची कड तशीच. कॉलर उलटवलेली होती. हातशिलाईने. टाके बारीक आणि तिरपे, तुमच्या गोधडीवर आहेत तसेच. मी त्या गोधडीवर तुझ्याबरोबर इतकी वर्षं झोपलेय, ते टाके कुणाचे हे मला कुणी सांगायला नको.

आम्ही पॉलिश पेपर घेऊन जे करायला बसलो होतो ते तिथे आधीच होतं. मी तो शर्ट मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. शूटिंग तासभर थांबलं.

आता खरी अडचण. आमच्या दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि तो म्हणतोय की क्लोजअप ह्याचाच हवा, दिवाळीच्या प्रसंगात नायिका कॉलर उलटवतेय असं दाखवू. त्याचं म्हणणं चूक नाही. अख्ख्या फिल्ममध्ये याहून खरं दुसरं काही नाही, आणि मी कुठूनही, कितीही पैसे देऊन, असं आणू शकणार नाही. पण मी नाही म्हटलं. तू शेंडेफळ, तुझा जन्म कितीतरी नंतरचा, पण काकूंनी तुला सांगितलं असेल की संपात अण्णा दार लावून जेवायचे. ताटात काय आहे ते चाळीला दिसू नये म्हणून. पुढे वॉचमनची नोकरी केली तेव्हाही कामावर जाताना इस्त्रीचा शर्ट, आणि खाकी गणवेश पिशवीत. तेव्हा ती कॉलर कुणाला कळू नये म्हणूनच इतकी नीट उलटवलेली. पट्टीसुद्धा कुणी कॉलर उचलून बघितली तर फाटलेलं दिसू नये म्हणून. आणि मी ती पडद्याएवढी मोठी करून लोकांना दाखवू? विचारायला तरी तोंड उघडेल का माझं?

दुसरीकडे वाटतं, काकूंनाच विचारावं. त्यांचं काम आहे ते. कधी उलटवली, संपात की नंतर, दोरा कुठला, रॉकेलच्या दिव्याखाली बसून की दारात, हे त्याच सांगू शकतील. कदाचित सांगावंसंही वाटत असेल त्यांना. कदाचित नाही. अण्णा गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही, तुला कळतं.

काकू रविवारी शूटिंग बघायला येतायत. डबाही आणणार आहेत, वीस माणसांचा, ऐकायला तयार नाहीत. त्याआधी तू मला सांग. उसवल्याचं मी सांगू की तू? ते तर सांगायचंच आहे, लपवणार नाही. आणि क्लोजअपचं विचारू की नको? तू नको म्हणालीस तर विषय संपला, दिग्दर्शकाला मी बघून घेईन, कटपीसचा शर्ट आहेच.

तुझं कसं चाललंय? नाशिकला थंडी पडली असेल. बाळाला दात आले का? भाऊजींच्या बदलीचं काय झालं? नवीन घराचे फोटो पाठव म्हटलं होतं, त्यातलं स्वयंपाकघर तरी पाठव.

शर्ट माझ्याकडे कपाटात आहे, पांढऱ्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून, किल्ली माझ्या गळ्यात. शिंपी म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, मशीनवर मारून देतो. मी दिला नाही. सुटलेला दोरा होता तेवढा वेचून खिशात ठेवलाय, आणि कॉलर उसवलेली तशीच आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा टाका पडायला नको.

रविवारच्या आत लिही, किंवा फोन कर.

तुझी,
शुभा