लीड्सहून आईला पत्र

प्रिय आई,

प्रभूच्या नावात सलाम. पप्पांना आणि दादा-वहिनीला पण सांग.

परवा दादानं फोनवर सांगितलं, चर्चच्या हॉलचे पत्रे बदलायचेत आणि कमिटीनं यादी काढलीय, आपल्या घरापुढं आकडा आधीच लिहून ठेवलाय, का तर पोरगी इंग्लंडला नर्स आहे. पैसे मी देणारच, त्याचं काही नाही. पण मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, "माझं काय गं, कापणीच्या सणाला दोन शेर तांदूळ, त्याला कोण विचारतंय", ते मनाला लागलं. रात्रपाळीत पण तेच डोक्यात.

बायबलातलं करिंथकरांस दुसरं पत्र काढ की, आठवा-नववा अध्याय. ते लिहिणारा प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करायलाय, करिंथ म्हणजे बंदराचं पैसेवालं शहर, वर्षभरापूर्वी हो म्हणालेत पण अजून पुरं केलेलं नाही, आणि तिकडं मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल असून आम्हाला पण देऊ द्या म्हणून विनवण्या करायलेत. एवढी नड असून पौलानं कुणापुढं आकडा टाकला नाही. हुकूम म्हणून सांगत नाही म्हणतो, ज्यानं त्यानं मनात ठरवावं आणि खुशीनं द्यावं, भाग पडतंय म्हणून नको. मासेदोनियावाल्यांनी तर आधी स्वतःला प्रभूला दिलं, पैसे नंतर. आपल्या यादीत नेमकं उलटं व्हायलंय.

इथं आमच्या चर्चमध्ये बहुतेकांचे पैसे दर महिन्याला बँकेतून आपोआप जातात, दारात कार्ड टेकवायचं मशीन पण आहे. गिफ्ट एड म्हणून सरकारी सोय आहे, टॅक्स भरणाऱ्यानं त्यात 100 पौंड दिले तर सरकारकडून चर्चला वर 25 मिळतात. चांगलीच सोय, मी पण तो फॉर्म भरलाय. पण आपोआपचं मात्र लावलं नाही, त्यात पैसे जातात आणि मनाला पत्ता लागत नाही. पगार झाला की प्रार्थना करून स्वतः पाठवते.

2019 च्या ऑगस्टचा पूर आठव. मलप्रभा-घटप्रभेकाठची गावं पाण्यात, आपण चर्चमध्ये धान्य-कपडे गोळा करत होतो. एक म्हातारी वाकळ घेऊन आली, नवी कोरी, लुगड्याच्या चौकड्यांची, टाके अजून पांढरेशुभ्र. घरात दुसरी एकच, ती पण चार ठिकाणी उसवलेली. मी म्हटलं आजी, ही ठेवा की तुम्हाला. तर म्हणाली, ज्याचं घर गेलंय त्याला फाटकी कशी देऊ? नाव लिहून घ्यायला वहीकडं वळले तोवर गेली पण.

आणि तू? आपल्या मळ्यातला बासमती, सणासुदीला खायला म्हणून डब्यात राखलेला, त्यातला देतेस, रेशनचा नाही. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून बघत होता तेव्हा श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, आणि त्या गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, आणि तो म्हणाला हिनंच सगळ्यांत जास्त टाकलं. त्या हिशेबात तुझे तांदूळ कुठं बसतात तूच बघ, आणि परत कोण विचारतंय म्हणू नको.

दादाला सांग, पैसे पुढच्या आठवड्यात येतील, ते गुपचूप पाळकसाहेबांच्या हातात द्यायचे. देणाऱ्यांची नावं कोरतात त्या फरशीवर आपलं नाव नको, रविवारी आकडा वाचायला पण नको. रोजगारावर जाणाऱ्या बायका मागच्या बाकावर बसलेल्या असतात, यादी वाचताना त्यांच्या माना खाली जातात, हे मी लहानपणापासून बघितलंय. जमलं तर पप्पांनीच कमिटीत हा विषय काढावा, त्यांचं ऐकतात.

पप्पांना बीपीची गोळी चुकवू देऊ नको. रविवारी फोन करते.

तुझी,
धाकटी